घराकडे पाठ करून चालणारी

"माझा घोडा तू निवडायचा नाहीस," असं मी भाच्याला तोंडावर सांगितलं. तबेला त्याचा, घोड्यांवरून खिंडीपलीकडे जायची सहल त्याची, कबूल. पण बसणार मी आणि हाडं माझी!

जन्मभर मी या तबेल्यातल्या घोड्यांना नाल ठोकले. घोडे खिंड ओलांडून पलीकडचं पाणी पिऊन यायचे आणि मी त्यांचे झिजलेले नाल काढून नवे बसवायचे. पलीकडे काय आहे ते जनावरांना ठाऊक, मला नाही. यंदा हातोडी खाली ठेवली आणि म्हटलं, मी येणार.

भाचा गुणी आहे, पण काळजी करायला लागला की अक्कल गहाण टाकतो. त्यानं माझ्यापुढे 'आजोबा' आणून उभा केला. "आत्या, याच्याइतका शांत घोडा नाही. लहान पोरं बसतात यावर."

"शांत कसला, आळशी आहे मेला! रिंगणात दोन फेऱ्यांना ठीक आहे. डोंगरात दिवसभर टाचा मारून माझेच पाय गळतील. हा मागे पडणार, मग दुडक्या चालीनं बाकीच्यांना गाठणार, पुन्हा मागे पडणार. कमरेचा भुगा होईल माझ्या."

"मागे पडलीस तर पहिल्या मुक्कामावरून जीपनं परत. त्याच्यापुढे गाडीरस्ता नाही. सगळ्यांना तोच नियम आहे."

सगळ्यांना म्हणे! आत्यासाठी पुढची सीट रिकामी ठेव, असं त्यानं जीपवाल्याला आधीच बजावलं होतं. जीपवाल्याच्या पोटात काही राहत नाही, त्यानंच मला सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी मी ऐन दाण्याच्या वेळेला एकेका घोड्याला दोर लावून फाटकाबाहेर काढलं. भाचा कपाळाला हात लावून बघत राहिला. अहो, घराकडे तोंड केलं की गाढवसुद्धा घोडा होतं! घराकडे पाठ करून, पोटात भूक असताना जो चालतो, तोच लांबच्या वाटेचा. आजोबा फाटकातच अडून बसला. भाच्याचा लाडका पांढरा घोडा ऐटीत निघाला खरा, पण वळण आलं तसा मान मागे वळवून खिंकाळायला लागला.

मग काढली चिडकीला. ही घोडी कान पाडून बघते, खरारा करताना चावायला येते, म्हणून तिला कुणी मागत नाही. माझ्या दंडालाही तिचा प्रसाद मिळालाय. पण वळणावर तिनं मागे पाहिलंसुद्धा नाही. अशी लांब लांब ढांगा टाकत निघाली की दोर धरून मलाच पळावं लागलं.

"ही माझी," मी धापा टाकत म्हटलं.

"आत्या, पाडेल ती तुला!"

"पाडू दे. उठेन मी."

निघालो त्या दिवशी चिडकीला एकदाही टाच लावावी लागली नाही. पहिल्या मुक्कामावर मी भाच्याच्या मागोमाग पोहोचले. जीपवाल्यानं हसत रिकामी जीप वळवली आणि तो गेला. भाचा खाली मान घालून जीन उतरवायला लागला. 'बघितलंस ना?' हे शब्द मी गिळले, आणि माझ्या स्वभावाला हे फार जड गेलं.

खरी गंमत खिंडीखाली झाली. चढ उभा, वाट अरुंद, वारा समोरून. पुढचा पांढरा घोडा थांबला तो थांबलाच. भाच्यानं चुचकारलं, दटावलं, पण घोडा घराकडे वळायला बघे. मागची सगळी रांग अडली. भाचा घामाघूम झाला. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, तू पुढे हो. तिच्यामागे हे सगळे येतील."

चिडकी कान पाडून पांढऱ्याला घासून पुढे गेली आणि चढायला लागली. मागून एकेक घोडा निघाल्याचा आवाज आला. दगडावर वाजणारा प्रत्येक नाल मी ठोकलेला होता, आणि आज त्या सगळ्यांच्या पुढे मी होते.

वर आले. पलीकडे मोठी नदी होती, तिच्या काठानं शेतं होती, आणि पार टोकापर्यंत नुसतं ऊन. मी एवढ्या जोरात ओरडले की आवाज घुमून परत आला.

"आत्या, रडतेस काय?" भाचा मागून घाबरून म्हणाला.

"रडू नको तर काय करू! आले की रे मी!"

चिडकी थांबायला तयार नव्हती. मीही लगाम सैल सोडला आणि आम्ही पलीकडची उतरण धरली.