आसरांच्या तळ्यावर

गोजराबाईला लेक भेटून दोन पावसाळे उलटले होते. लेकीचं सासर काही परमुलखात नव्हतं. नदीच्या या काठाला गोजराबाईचं गाव आणि त्या काठाला लीलाचं. सकाळी भाकरी करून निघालं, उतारातून नदी ओलांडली, लेकीकडे घटकाभर बसलं, तरी दुपारच्या जेवणाला घरी येता यायचं. मग मुळशीला धरण झालं. पाणी वर वर चढत आलं आणि गोजराबाईचं घर, खाचरं, नदीतला उतार, सगळं त्याच्या पोटात गेलं. लीलाचं गाव डोंगराच्या अंगाला, ते तेवढं वाचलं. त्याची खाचरं मात्र बुडाली. दोन गावांच्या मध्ये आता नजर पोचेल तिथवर पाणी होतं.

नवरा आधीच गेलेला. गोजराबाई सूसला भावाकडे, हैबतरावाकडे राहायला आली. भाऊ वाईट नव्हता. त्याने गोठ्यालगतची खोली दिली, दोन वेळेला ताट वाढायला लावलं. पण सूसच्या बायका तिला ‘बुडितातली’ म्हणत. विहिरीवर त्या एकमेकींच्या सुनांबद्दल बोलायच्या, आणि गोजराबाईला त्यातलं एकही माणूस ठाऊक नसायचं. सगळ्या हसल्या की मग ती हसायची.

पाणी चढत होतं तेव्हा लीला गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरच राहिलं नव्हतं. मुलगी झाली, ही बातमी तिला एका फिरत्या कासाराने शेजारणींच्या हातात बांगड्या भरता भरता सांगितली.

लेकीला भेटायची एकच वाट उरली होती, ती डोंगरावरून. डोंगराच्या माथ्यावर कढईसारखा खोल खळगा आहे आणि त्यात बारा महिने पाणी असतं. पौडच्या शाळेतले मास्तर सांगत, हे फार पूर्वी डोंगराचं तोंड होतं, त्यातून आग निघायची. लोक ऐकून घेत आणि म्हणत, “मग इझवली कुनी? आसरांनीच की!” पाण्यातल्या साती आसरा देवींना दहीभात दाखवायला चैत्रात एक दिवस दोन्ही अंगांचे लोक तळ्यावर चढत आणि दिवस मावळायच्या आत आपापल्या बाजूने उतरत. एरवी त्या रानात कुणी एकटं जात नसे.

मागच्या चैत्रात तिने हैबतरावाकडे विषय काढला होता. “आता कोन जातंय तितं? मानसं पांगली समदी,” तो म्हणाला होता. तिनेही ते खरं मानलं. या साली पौडच्या बाजारात तिला जुन्या गावची बायजा भेटली.

“जात न्हाई कसं? जातो की आमी,” बायजा म्हणाली. “गेल्या सालीबी आमची मानसं गेलती. तूच आली न्हाईस.”

गोजराबाई या वेळी भावाला विचारायला थांबली नाही, नुसतं सांगून निघाली. आदल्या दिवशी डोंगराच्या पायथ्याला पोचली आणि पहाटे बाकीच्यांबरोबर चढायला लागली. पूर्वी निम्मा गाव यायचा. आता पंधरा-वीस माणसं होती, चार गावांतून आलेली. म्हातारा गेणू धनगर करवंदीच्या जाळ्या कोयत्याने छाटत पुढे चालला होता. मागे बायका बोलत होत्या, पण प्रत्येकीच्या बोलण्यात आता वेगळं गाव होतं, वेगळे शेजारी होते. एकमेकींचं त्यांना नीट कळत नव्हतं. गोजराबाईच्या काखेत गाठोडं होतं. त्यात जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं होतं, टोपडं होतं आणि गुळपापडीचे लाडू.

अर्ध्या चढावर सगळे दम खायला थांबले. खाली पाणी पसरलेलं होतं. गडीमाणसं बोटं दाखवू लागली. “त्यो बघ, तितं देऊळ.” “छ्या, देऊळ अजून अलीकडं.” कुणाचंच कुणाशी जमेना. गोजराबाईने तिकडे पाठ केली आणि चढ धरला.

“अगं, दम तरी घे!” बायजा मागून ओरडली.

सगळे तळ्यावर पोचले तेव्हा ऊन तापलं होतं. काठ चहूबाजूंनी उंच, त्यामुळे खळग्यात वारा उतरत नव्हता. पाणी काळसर हिरवं आणि थंडगार. बायकांनी काठावरच्या सात दगडांना हळदकुंकू लावलं, हिरव्या बांगड्या वाहिल्या. गोजराबाईनेही दगडांपुढे डोकं टेकलं आणि लगेच उठून पलीकडच्या काठावर गेली. तिकडच्या लोकांची वाट तिथल्या खिंडीतून वर येते. ती खिंडीच्या तोंडाशी एका खडकावर बसली. पोरगी कुणावर गेली असेल, आपल्याकडे येईल की भिऊन रडेल, असं मनात चाललं होतं.

बऱ्याच वेळाने खालून बोलणं ऐकू आलं. ती उठून उभी राहिली. एकेक माणूस खिंडीतून वर येत होता आणि ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. सगळे मिळून सात-आठ जण. सर्वांत शेवटी सारजाबाई आली, लीलाची थोरली जाऊ. तिच्यामागे वाट रिकामी होती.

“सारजे, लीला मागं ऱ्हायली का गं?”

सारजाबाईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. “मावशी, तुमी? तुमाला कुनी सांगितलंच न्हाई व्हय?”

गोजराबाईने तिचं मनगट घट्ट धरलं.

“तसलं काय न्हाई, मावशी. बरी हाय ती,” सारजाबाई घाईने म्हणाली. “पर हितं न्हाई. खाचरं गेली, खायाचं काय? दिवाळी झाल्यावर भावजी तिला आन पोरीला घिऊन घाटाखाली गेलं. पेनकडं मिठागरावर काम मिळतंय म्हनं.”

“पोर कशी हाय?”

“ठकी नाव ठिवलंय. लई द्वाड.” सारजाबाई हसली आणि तिची नजर गाठोड्यातून डोकावणाऱ्या टोपड्यावर गेली. “ह्ये आता न्हाई व्हायाचं तिला. चालती झाली आसंल.”

दोघी खडकावर बसल्या. सारजाबाई हलक्या आवाजात म्हणाली, “गेल्या साली आलती ती. ह्याच खिंडीत बसली हुती, पोरीला मांडीवर घिऊन. उन्हं कलली, आमी म्हनलं चल आता. तर म्हनली, जरा थांबा, माजी आय येनार हाय.”

“मला सांगितलं, कोन जात न्हाई,” गोजराबाई म्हणाली.

खाली लोक दहीभात वाटत होते, कुणीतरी दोघींना हाका मारत होतं. सारजाबाई गेली. गोजराबाई तिथेच बसून राहिली. तिला सारखं एकच दिसत होतं. पोर कडेवर घेऊन लीला खिंड उतरते आहे, वळून बघते आहे. त्या दिवशी आपण काय करत होतो, ते तिने आठवून बघितलं. आठवेना. भावाच्या घरचा कुठलातरी दिवस, भांडी घासण्यात गेलेला.

ऊन उतरलं तसा गेणू धनगराने सगळ्यांना चला म्हणून सांगितलं. बायजा तिला न्यायला आली.

“मी ह्या अंगानं उतरते,” गोजराबाई म्हणाली.

“येडी का काय? पोर न्हाई तितं, ऐकलंस न्हवं?”

“ऐकलं. घाटाखाली जाते.”

“एकटी? आन हैबतदादाला काय सांगू?”

“सांग, लेकीकडं गेली.”

बायजाने गेणूकडे बघितलं. गेणूने जरा विचार केला. “सारजाबाईच्या गावचं गडी हिरडा घिऊन पालीच्या बाजाराला उतरत्यात,” तो म्हणाला. “त्यांच्या संगट जा. एकली जाऊ नगंस, बाई.”

बायजाने तिचा दंड घट्ट दाबला आणि डोळे पुसत ती आपल्या लोकांमागे गेली. पलीकडचा काठ चढताना तिने हाक मारली. गोजराबाईने हात वर केला. मग ती माणसं काठाआड गेली.

सारजाबाईच्या घरी ती दोन रात्री राहिली. लीलाचं घर बघून आली. छपराची लाकडं काढून नेलेली होती, दाराच्या जागी भोक होतं. आत चूल तशीच होती. जाण्याआधी लीलाने ती नीट सारवून ठेवली होती. गोजराबाई त्या चुलीपुढे बराच वेळ बसली.

मग ती हिरड्याच्या ओझ्यांबरोबर घाट उतरली. पालीहून पुढे विचारत विचारत गेली. मिठागरांवर बुडितातली माणसं पुष्कळ होती, त्यामुळे एका मिठागरावरून दुसऱ्यावर हिंडावं लागलं. शेवटी एका बांधावर तिला लीला दिसली. डोक्यावर मिठाची पाटी, पायांना भेगा, अंग वाळलेलं. मागे पदर धरून एक काळी-सावळी पोर चालत होती.

लीला थांबली. पाटी उतरवायचंही तिला सुचलं नाही.

“गेल्या साली मी आलते,” ती म्हणाली.

“सारजीनं सांगितलं.”

“दिसभर बसले हुते, आय.”

“व्हय गं बाय.”

तेवढ्यात मुकादम ओरडला आणि लीला पाटी रिकामी करायला पुढे गेली. ठकी रडत तिच्यामागे पळाली. गोजराबाई बांधावर उभी राहिली. चहूकडे पांढरे ढीग होते आणि ओळखीचा एक डोंगर दिसत नव्हता.

रात्री खोपटात तिघी जेवल्या. जावई बहिरू होडीवर मीठ भरायला गेला होता. लीलाने आईला राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मिठाने चिरलेल्या तळव्यांना ती तेल चोळत बसली. गोजराबाईने तिच्या हातातली वाटी घेतली आणि स्वतः चोळायला लागली. लीलाने पाय मागे घेतले नाहीत, पण ती बघत राहिली दुसरीकडेच.

सकाळी गोजराबाईनेही एक पाटी उचलली आणि बायकांच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

“ही म्हातारी कुणाची गो?” पुढच्या बाईने विचारलं.

“माजी आय हाय,” रांगेत चार जणी पुढे उभी असलेली लीला मान न वळवता म्हणाली आणि आपल्या पुढे तिला जागा करून दिली.