तळघरातली तुळई

अभियांत्रिकी विभागाच्या तळघरात काँक्रीटची एक तुळई दोन टेकूंवर आडवी पडलेली असे आणि तिच्या पाठीवर लोखंडी वजनं रचून ठेवलेली असत. बस, एवढंच. ती हलत नव्हती, वाजत नव्हती, तिच्यावर कुठला लाल-हिरवा दिवाही लागत नव्हता. तिच्या पोटाखाली तबकडीचं एक यंत्र बसवलेलं होतं आणि त्याचा काटा इतका सावकाश सरकायचा, की त्याच्यापुढे गोगलगायसुद्धा उधळलेली वाटावी.

ओझं काढलं नाही, वाढवलंही नाही, तरी काँक्रीट वर्षानुवर्षं गुपचूप वाकत राहतं. ते किती वाकतं, हे मोजणं हा एका मुलीच्या पीएच.डी.चा विषय होता. मंजूर शीर्षकात 'पाच वर्षे' आणि 'अखंड भाराखाली' हे दोन्ही शब्द होते. विद्यापीठात एकदा मंजूर झालेला शब्द काँक्रीटपेक्षा टणक असतो. तो वाकत नाही.

मुलीला सगळे तुळईताई म्हणत. सकाळी तळघरात जायचं, काटा वाचायचा, तळघराचं तापमान टिपायचं, दार ओढून घ्यायचं. बाकीचा दिवस आकडेमोड आणि दुसऱ्यांच्या तुळयांबद्दलचं वाचन. ती मावशीकडे राहत असे. मावशीला या विषयात रस होता, म्हणजे चेष्टेपुरता.

"वाकली का गं आज?" ती घरात शिरली की मावशी विचारायची.

"थोडी."

"आमची ही स्वयंपाकघरातली फळी बघ. बरण्यांखाली लग्नापासून वाकतेय बिचारी. तिला कुणी पदवी दिली नाही."

"फळीला गाइड मिळाला नाही," काका वर्तमानपत्राआडून म्हणायचे.

तुळईताईला गाइड मिळाला होता. सर विद्वान होते, प्रेमळ होते, कुणाला कधी नाही म्हणत नसत. कुठलीही अडचण घेऊन जा, ते चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "सोमवारी बघू." त्यामुळे त्यांचं नाव सोमवारसर पडलं होतं. प्रश्न सोमवारपर्यंत आपोआप सुटतात किंवा मरतात, हा त्यांचा आयुष्यभराचा निष्कर्ष होता. तो त्यांनी कुठे छापला नव्हता, पण त्याच्या जोरावर ते निवृत्तीपर्यंत येऊन पोहोचले होते.

पाच वर्षं पुरी व्हायला महिनाभर उरला होता. एका मोठ्या पुलाच्या देखभालीची नोकरी तिच्यासाठी तयार होती. अट एकच: हातात पदवी हवी. शिष्यवृत्ती कधीच आटली होती, आणि मावशीने त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. तेच तुळईताईला जास्त टोचायचं. थोडक्यात, सगळं आता त्या काट्यावर होतं. महिनाभर त्याला कुणी धक्का लावला नाही म्हणजे झालं.

आणि तेव्हाच संशोधन महोत्सव जाहीर झाला.

विज्ञान, अभियांत्रिकी आणि कला, सगळ्या शाखांचं संशोधन एका छताखाली मांडायचं, प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं, परीक्षकांनी बक्षीस द्यायचं. विद्यापीठाला नवी इमारत देऊ म्हणणारे एक कारखानदार पाहुणे म्हणून येणार होते. महोत्सवाला एक समन्वयक होते. उत्साही गृहस्थ. त्यांनी स्वतः शेवटचं संशोधन कधी केलं, यावर एखाद्याला संशोधन करता आलं असतं.

"मॅडम, तुमची वस्तू कुठाय?" त्यांनी विचारलं. तुळईताईने नीट काढलेला आलेख आणि तुळईचा फोटो त्यांच्यासमोर धरला होता.

"सर, तुळई हलवता येत नाही. वजन उतरवलं की प्रयोग संपला."

"फोटो कोण बघतो हो? पाहुण्यांना प्रत्यक्ष काहीतरी दाखवायला पाहिजे. वाकतेय ती, बरोबर?"

"हो."

"दिसतं का वाकताना?"

"डोळ्यांना नाही दिसत. मोजावं लागतं."

"मग त्या दिवसापुरती जरा जोरात वाकवता येणार नाही?"

तुळईताईने त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्यांनी दोनदा "अगदी, अगदी" म्हटलं. त्यांच्या तोंडी "अगदी" आलं की समोरचं वाक्य ऐकलेलं नसतं, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती तडक सोमवारसरांकडे गेली.

"सर, तुम्ही त्यांना लेखी कळवा. तुळईला हात लावायचा नाही म्हणून."

सरांनी चष्मा पुसला. "बरोबर आहे तुझं. शंभर टक्के बरोबर. सोमवारी बघू."

"सर, महोत्सव शनिवारी आहे."

"हो का?" सर म्हणाले. "मग सोमवारपर्यंत तोही आटोपलेला असेल."

तिने स्वतःच एक पाटी केली. जाड पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'हात लावू नये', आणि तुळईसमोर उभी केली. दाराला कुलूप लावलं. कुलपाची दुसरी किल्ली कार्यालयात असते, हे तिला माहीत होतं. पण माणसाने कुठेतरी थांबायचं म्हणून ती तिथे थांबली.

शनिवारी सकाळी तळघर रिकामं होतं. टेकूंच्या जागी फरशीवर दोन स्वच्छ चौकोन होते, आजूबाजूला पाच वर्षांची धूळ. तबकडीचं यंत्र कुणीतरी काळजीने काढून, फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवलं होतं.

ती धावत सभागृहात गेली. तुळई व्यासपीठावर होती. तिला फिकट निळा रंग दिला होता. वजनं घासूनपुसून तिच्या पाठीवर लहान-मोठी अशी ओळीने मांडली होती. समोर तिचीच पाटी होती, 'हात लावू नये'. तेवढ्या एका वस्तूला कुणी हात लावला नसता तर बरं झालं असतं, पण तीही नेमकी उचलून आणली होती.

सजावटीचं काम शिल्पकलेच्या एका विद्यार्थ्याकडे होतं. तुळईताईचा चहाचा सोबती. त्याचा विषय 'पोकळी' होता आणि तो वर्षानुवर्षं एका रिकाम्या चौथऱ्यावर काम करत होता. आज त्या चौथऱ्यावर कुणीतरी फुलांची कुंडी ठेवली होती, त्यामुळे तोही वैतागलेला होता. प्राणिशास्त्राच्या मुलाच्या जिवंत माश्या पाहुण्यांना आवडणार नाहीत म्हणून त्यांच्या जागी प्लास्टिकच्या आल्या होत्या. एकूण वैताग सगळ्या शाखांना सारखा वाटला होता.

"तुळे, रागावू नकोस," तो म्हणाला. "मला वाटलं, तूच परवानगी दिलीस. समन्वयक म्हणाले, अगदी, अगदी."

तुळईताई तुळईकडे बघत होती. "ही कमानीसारखी का दिसतेय?"

"ते होय? मधोमध खचलेली दिसत होती गं. बरं दिसेना. म्हणून मी हमालांना उलटी ठेवायला सांगितलं. आता बघ, कशी डौलदार."

तुळईताई खाली बसली. मग त्याला समजेल असं, हळूहळू बोलली. तुळईत लोखंडी सळ्या खालच्या अंगाला घातलेल्या असतात, कारण ओझ्याने ताण पडतो तो खालच्या अंगाला. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. आता सळ्या वर गेल्या आणि खाली राहिलं नुसतं काँक्रीट.

"म्हणजे?"

तिने बोटाने दाखवलं. निळ्या रंगावर मधोमध, खालच्या कडेपासून वर, केसासारखी एक रेघ चढत होती.

"रंगाला गेलेला तडा असेल," तो म्हणाला. पण म्हणता म्हणता दोन पावलं मागे सरकला.

ती समन्वयकांकडे गेली. वजनं आत्ताच्या आत्ता उतरवा म्हणाली. ते म्हणाले, पाहुणे दारात आलेत, आणि उद्घाटन तर तुळईवरच आहे. शेवटचं छोटं वजन मुद्दाम बाजूला ठेवलंय, ते पाहुण्यांच्या हस्ते चढवायचं. कल्पना त्यांची स्वतःची होती. फीत कापण्याचा त्यांना कंटाळा आला होता.

"तुळई मोडेल, सर."

"अगदी, अगदी," समन्वयक म्हणाले आणि हार आणायला गेले.

पहिल्या रांगेत सोमवारसर बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. ती मान 'सोमवारी' असंच म्हणत होती.

पाहुणे आले. शाखांच्या एकोप्यावर बोलले. टाळ्या झाल्या. ते वजन उचलून तुळईजवळ गेले. तुळईताई व्यासपीठाच्या कडेला उभी होती. रेघ आता बोटभर वर चढली होती, आणि अख्ख्या सभागृहात ती जवळून पाहिलेली माणसं दोनच होती. दुसरा शिल्पकार, आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला होता. तिला वाटलं, गप्प बसावं. पाच वर्षं आपण नुसतं बघायचंच काम केलंय, हेही बघावं. प्रयोग तर पहाटेच मेलाय. निदान मोडताना सगळ्यांना दिसू दे.

पाहुण्यांनी वजन टेकवलं.

"मागे व्हा!" ती ओरडली आणि तिने त्यांची बाही धरून ओढली. पाहुणे तिच्या अंगावर, ती खुर्चीवर, आणि तुळई कडाडून मधोमध दुभंगली. वजनं व्यासपीठावर गडगडत गेली. शिल्पकाराच्या चौथऱ्यावरची कुंडी फुटली. त्याच्या संशोधनाला त्या दिवशी झालेली ती एकमेव मदत.

मग टाळ्या. आधीच्यापेक्षा कितीतरी जोरात.

"वा!" पाहुणे कपडे झटकत म्हणाले. "काय वेळ साधलीत! मी ठेवलं आणि गेली! हे जमवलंत कसं?"

"पाच वर्षांची मेहनत आहे, साहेब," समन्वयक म्हणाले.

तिच्या हातात माइक दिला गेला. तीन मिनिटं होती. तिने एका मिनिटात सांगून टाकलं. "ही तुळई मोडायची नव्हती. हिला न विचारता हलवलं, रंगवलं, उलटी ठेवली. माझा प्रयोग संपलाय. मी काहीही सिद्ध केलेलं नाही." लोक मनापासून हसले. एक परीक्षक शेजारच्याला म्हणाला, "विनोदबुद्धीही आहे हो पोरीला." पहिलं बक्षीस तिला मिळालं, सर्वांत परिणामकारक सादरीकरणासाठी.

सोमवारी सर म्हणाले, "हं, आता बघू."

त्यांनी आलेख पुढ्यात ओढला. महिन्याला एक अशा टिंबांची ओळ हळूहळू आडवी होत पाच वर्षांच्या रेघेच्या अलीकडे थांबली होती. "कुठे चाललीय ते दिसतंयच की," सर म्हणाले. "एक टिंब राहिलंय. देऊन टाक."

"सर, ते वाचन मी घेतलेलं नाही."

"घेतलं असतंस तर कुठे आलं असतं?"

तिने बोट ठेवलं.

"मग?"

"नाही, सर."

पुढच्या सोमवारी ती शीर्षक बदलून मागायला समितीकडे गेली. पाच वर्षांऐवजी 'सुमारे पाच वर्षे' एवढं लिहू द्या, मोजमाप खरं आहे, पुरेसं आहे. समितीवर आता समन्वयकही होते. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली. 'सुमारे' हा शब्द शास्त्रीय नाही, असं ठरलं. शीर्षक बदलायचं तर नवी नोंदणी, नवी तुळई आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात.

त्यानंतरच्या सोमवारी पुलाच्या नोकरीचा निरोप आला: आणखी थोडं थांबू, फार नाही.

मावशी त्या आठवड्यात काहीच विचारत नव्हती. काका एकदा म्हणाले, "अगं, एका टिंबाने काय होतं?" आणि मावशीने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. जेवण झाल्यावर काकांनी खुर्चीवर चढून स्वयंपाकघरातली फळी काढली, उलटी फिरवली आणि पुन्हा बसवली. "झाली सरळ," ते म्हणाले. तुळईताई उठून बाहेरच्या खोलीत गेली.

टिंब तिने एका मंगळवारी दिलं, सरांना श्रेय मिळू नये म्हणून. ते बरोबर जागी पडलं. तेच वाईट होतं. चुकलं असतं तर खोडता तरी आलं असतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेखावरून बोट फिरवलं. मधल्या काही टिंबांवर ते अडखळले, तापमानाबद्दल विचारलं, एका उन्हाळ्यातल्या वाचनावर शंका घेतली. ती सगळी खरी टिंबं होती. शेवटच्या टिंबाशी येऊन त्यांचा चेहरा खुलला.

"हे वाचन मात्र अगदी नेटकं आहे," ते म्हणाले.

सोमवारसरांनी चष्मा पुसला.

पदवीच्या दिवशी मावशी नवी साडी नेसून आली. काकांनी सगळ्यांचा फोटो काढला. निघताना मावशी म्हणाली, "तुझी ती तुळई दाखव की एकदा. इतकी वर्षं नुसतं ऐकतेय."

तुळई मुख्य इमारतीच्या दारातच ठेवलेली होती. दोन्ही तुकडे सिमेंटने सांधले होते, निळा रंग नव्याने दिला होता आणि पितळी पट्टीवर लिहिलं होतं, 'पाच वर्षे अखंड भाराखाली'. वर वजन एकही नव्हतं. सांधणाऱ्याचं काम चोख होतं.

मावशीने मान तिरपी करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"अगं, ही तर सरळच आहे," ती म्हणाली. "मग पाच वर्षं तू मोजलंस काय?"

तुळईताईने तडा कुठे होता ते चाचपायला हात पुढे केला, तशी दारावरचा रखवालदार खुर्चीतूनच म्हणाला,

"ओ ताई, पाटी वाचा."

तिने वाचली. अक्षर तिचंच होतं. तिने हात मागे घेतला.