बंड्याच्या पायातली नळी

मी नळी बोलतेय. नळाला लावायची नव्हे हो! बोटाच्या पेराहूनही आखूड आहे मी. माझं माहेर म्हणजे कोळंबीची टरफलं. नाशिकच्या एका प्रयोगशाळेत तेजल नावाच्या तरुण संशोधिकेने त्यांच्यातूनच काढलेल्या पदार्थापासून मला घडवलं. माझ्याआधीच्या बहिणी वाळताना चपट्या झाल्या. तेजल दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराची लेक, ती कसली हटतेय! मी गोल निघाले तेव्हाच ती घरी गेली.

माझं काम ऐका. बंड्या नावाच्या पांढऱ्या उंदराला भूल देऊन तिने त्याच्या मागच्या पायाचा मज्जातंतू कापला आणि दोन टोकांच्या मध्ये मला शिवलं. कापणं वाईटच, मी गोड करून सांगणार नाही. त्या दिवशी तेजलने डबासुद्धा उघडला नाही. आता वरच्या टोकाने माझ्या पोटातून वाढत खालचं टोक गाठायचं आणि मग मी विरघळायचं. विरघळायला माझी ना नाही. पण अर्ध्यावर कोसळायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

संकट भलतीकडूनच आलं. पाय बधिर, त्यामुळे बंड्याला तो आपला वाटेचना! एके सकाळी तो स्वतःचीच बोटं कुरतडू लागला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख उज्ज्वला मॅडम म्हणाल्या, "तेजल, बोटाला जखम झाली तर त्याला इंजेक्शन देऊन संपवावं लागेल. हाल नाही करायचे."

"मॅडम, मी लहानपणी अंगठा चोखायचे. आईने कडुलिंब वाटून फासला होता. तसं करून बघू?"

"बघ. पण रक्त दिसलं तर मी ऐकणार नाही हं."

तेजल रोज पाला वाटायची. बंड्या पाय तोंडाशी न्यायचा आणि तोंड वेडंवाकडं करून सोडून द्यायचा. "कर, थू थू कर," ती म्हणायची, "पण पाय ठेव रे बाबा!"

इकडे माझ्या आत मज्जातंतूचे बारीक धागे तारेवर चढणाऱ्या वेलीसारखे सरकत होते. इतके सावकाश, की मला चीड यायची. अरे, चला की लवकर! माझ्या भिंती मऊ पडत होत्या. तरी मी अंग ताठ धरलं. शेवटी ते धागे पलीकडे भिडले एकदाचे.

पण हे बाहेर कळावं कसं? तेजल दर आठवड्याला चिमट्याने बंड्याचं बोट दाबून बघायची आणि तो ढिम्म बसायचा. त्या सोमवारी मात्र तिने दाबलं आणि बंड्याने पाय झटकला, गर्रकन वळून तिच्या हाताला करकचून चावला!

उज्ज्वला मॅडम धावत आल्या. "अगं, लागलं का?"

"मॅडम, त्याला लागलं!" तेजल रडत होती आणि हसतही होती. "त्याला लागलं!"

आता मी थोडीशीच उरलेय. प्रयोग संपला की बंड्यालाही जावं लागेल, ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. एवढंच मागते: उद्या तुमचा एखादा बधिर हात पुन्हा दुखू लागला, तर कण्हण्याआधी बंड्याची आठवण काढा. ते दुखणं तुमच्यासाठी आधी त्याने सोसलंय.