दाराकडचा पलंग

सरांनी फोन टेबलावर पालथा घातला आणि आत्याच्या बशीशेजारी हळूच सरकवला. बाबीपाशी गप्प राहण्यात सरांचा फायदा उघड होता. बाबीने टेनिसची आजची उपांत्य फेरी जिंकली की ती जगात पहिली, आणि पहिलीचे प्रशिक्षक म्हणून सर आपोआप पहिले. मग टीव्हीवर त्यांचं मत विचारलं जाणार, आणि मत तर त्यांच्याकडे कायम इस्त्री करून तयार असायचं. आत्याचा फायदा मात्र बारीक होता. गप्प राहिलं तर बाबीचा घाबरलेला चेहरा तिला निदान आज तरी बघावा लागणार नव्हता.

"बघून घ्या, बाई, आणि लगेच परत पालथा करा," सर म्हणाले.

खेळाडूंच्या जेवणघरात भांड्यांचा आवाज चालू होता. आत्याने फोन उचलला. फोटोत करड्या टोपीतला एक माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघणारी माणसं बसतात, तसा. दिसायला इतका साधा की आत्याने फोटो पुन्हा एकदा बघितला.

हा माणूस मोसमाच्या सुरुवातीपासून बाबीच्या मागे होता. आधी फुलं आली. मग पत्रं आली, आणि त्यांत हवापाण्याच्या गप्पा होत्या, बायकोला लिहाव्यात तशा. मागच्या आठवड्यात तो हॉटेलात बाबीच्याच मजल्यावर सापडला. मजला चुकला, म्हणाला, आणि सगळ्यांची माफी मागून जिन्याने खाली गेला.

"आज कुठे बसलाय?" आत्याने विचारलं.

"पलीकडच्या टोकाला, डाव्या कोपऱ्यात," टेबलाशी उभी असलेली सुरक्षाप्रमुख म्हणाली. "अगदी खालची रांग."

"मग उचला की त्याला!"

"तिकीट खरं आहे त्याचं. आणि आज त्याने काही केलेलं नाही. खेळाडूने स्वतः तक्रार केली, नुसतं बोट दाखवलं, तरी आम्ही त्याला लगेच बाहेर काढू. तोवर आमचा माणूस तिथे जिन्यावर उभा आहे."

"म्हणजे तिला सांगायला हवं."

"सामना झाला की मी सांगतो," सर म्हणाले. "आत्ता सांगितलं तर ती बॉल बघेल की माणसं? आणि एवढ्या गर्दीत काय होणार आहे?"

हे शेवटचं वाक्य सरांनी ठामपणे सुरू केलं होतं, पण संपताना ते सुरक्षाप्रमुखकडे बघत होते. ती कानातलं यंत्र नीट करण्यात गुंतली होती.

तेवढ्यात ओल्या केसांची बाबी आली आणि तिने आत्याच्या बशीतलं केळं उचललं. वर्तमानपत्रांत तिचं नाव 'तोफ' होतं, सर्व्हिसमुळे. घरी ती बाबी. वडिलांना विमानाची धास्ती आणि आईला मॅचची, म्हणून पोरगी शाळकरी असल्यापासून तिच्याबरोबर गावोगाव हिंडायचं काम निवृत्त शाळामास्तरीण आत्याकडे आलं होतं. बाकी सगळा ताफा तिला 'बाई' म्हणायचा. आत्या म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते आत्ता तिचं केळं खात होतं.

"कसला कट शिजतोय?"

"तुझ्या सरांना सांगतेय, पोट आत घ्या. पहिल्या नंबरचे फोटो निघतील," आत्या म्हणाली.

बाबी हसली. "आधी तू तुझं घोरणं आत घे. सर, हिला माझ्या खोलीत कोणी पाठवलं हो? रात्रभर ट्रॅक्टर. म्हणून हिला भिंतीकडचा पलंग दिलाय, निम्मा आवाज भिंत तरी खाते."

"तिच्या खोलीच्या बाथरूमला ओल आली होती," सर घाईने म्हणाले. बाबी रात्री एकटी नको म्हणून मारलेली ही थाप त्यांचीच होती. आत्याने चहाचा घोट घेतला. चहा कधीचा गार झाला होता.

सामन्याला आत्या नेहमीच्या खुर्चीवर, नेहमीचा पिवळा स्कार्फ बांधून बसली. बाबी जिंकत असेपर्यंत कोणी जागा बदलायची नाही, कपडे बदलायचे नाहीत, असा त्या ताफ्याचा नेम होता. सर हा नेम हसण्यावारी न्यायचे आणि सगळ्यांत कडक पाळायचे.

पलीकडच्या कोपऱ्यात करडी टोपी होती. टाळ्या पडायच्या, लोक उठून उभे राहायचे, टोपी जागची हलायची नाही. आत्याने ठरवलं की तिकडे बघायचं नाही, आणि पहिला गेम तिने सगळा तिकडेच बघण्यात घालवला.

"बघा, बाई, बघा!" सरांनी तिला कोपराने ढोसलं. "टॉवेल सोडला पोरीने! किती महिने घसा फोडतोय मी."

बाबीचा टॉवेल हा एक जाहीर विनोद होता. पॉइंट जिंकला की टॉवेल, हरला की टॉवेल, समोरचीचा बॉल हिच्या रॅकेटला शिवला नाही तरी टॉवेल. कोर्टाच्या दोन्ही टोकांना, मागच्या कोपऱ्यात, तिची टॉवेलची पेटी असायची, आणि प्रत्येक पॉइंटनंतर ती तिथवर चालत जायची. तिच्या या चालीची नक्कल करून लोक पोट भरत होते. आज मात्र ती हात स्कर्टला पुसून पुढच्या सर्व्हिसला उभी राहिली होती.

सर खुशीत होते. ते दोन-तीन पॉइंट टिकलं. मग बाबीच्या हातात रॅकेट फिरायला लागली. उन्हं तापली होती, तळवे घामाने निथळत असणार. एक डबल फॉल्ट झाला, लगेच दुसरा.

"आता घे की टॉवेल!" सर ओरडले.

बाजू बदलून बाबी अलीकडच्या टोकाला आली आणि प्रत्येक पॉइंटनंतर टॉवेलकडे गेली. अगदी पूर्वीसारखी, रमतगमत. पुन्हा बाजू बदलली. पलीकडे गेल्यावर पुन्हा स्कर्टला हात.

आत्या खुर्चीत पुढे सरकली. तिचा जन्म परीक्षेच्या वर्गांत फेऱ्या मारण्यात गेला होता. शेजारच्याच्या पेपरात डोकावणारं पोर नवशिकं असतं. मुरलेल्या पोराला पकडायचं तर ते कुठे बघतं हे सोडून द्यायचं आणि कुठे बघत नाही तेवढं धरायचं. बाबी पंचाकडे बघत होती, आभाळाकडे बघत होती, आपल्या माणसांकडे बघत होती. पलीकडच्या टोकाला गेली की उजव्या कोपऱ्याकडेही बघत होती. डाव्या कोपऱ्याकडे तिने एकदाही मान वळवली नव्हती. तिची टॉवेलची पेटी तिथे, करड्या टोपीच्या बरोबर खाली होती.

मग आत्याला एकेक गोष्ट आठवत गेली. आलेली फुलं बाबीने चिठ्ठी न वाचताच खाली हॉटेलच्या काउंटरवर देऊन टाकली होती. उशी बदलली तरी भांडणारी ही मुलगी, आत्या तिच्या खोलीत राहायला आल्यावर थट्टेपलीकडे चकार शब्द बोलली नव्हती. आणि पलंग. भिंतीकडचा आत्याला. दाराकडचा तिने स्वतःला ठेवला होता. आत्या जन्मात कधी घोरली नव्हती; निदान आजवर कोणी तसं म्हटलं नव्हतं.

"तिला माहीत आहे," आत्या म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सगळं. तुमच्याआधीपासून."

पहिला सेट गेल्याची घोषणा झाली. आत्या उठली. सरांनी तिच्या स्कार्फचं टोक धरलं. "बाई, जागा सोडू नका! निदान आत्ता तरी नको!"

आत्याने स्कार्फ त्यांच्या हातातच सोडला आणि निघाली.

पलीकडच्या बाजूच्या दाराशी दोरी आडवी होती. "बाजू बदलेपर्यंत कोणाला सोडता येत नाही, काकू," दारावरची मुलगी म्हणाली. "खेळाडूचं लक्ष जातं."

दोरीशी उभं राहिल्यावर कोर्टाचा एक तुकडा तेवढा दिसत होता. बॉलचा आवाज येत होता, मग शांतता, मग टाळ्या, आणि त्या कोणासाठी ते कळत नव्हतं. प्रत्येक शांततेत आत्याला वाटायचं, आता किंकाळी ऐकू येणार. तिने दोरी इतकी घट्ट धरली होती की दारावरच्या मुलीने शेवटी तिची बोटं हलकेच सोडवली. "जा आता."

जिन्यावरचा सुरक्षेचा माणूस धावफलक बघत होता. आत्या त्याच्या शेजारून खाली उतरली. करड्या टोपीच्या बाजूची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर एक कापडी पिशवी होती. टोपी वळली. माणसाने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"या, आत्या," तो म्हणाला. "जागा धरूनच ठेवली होती."

आत्या बसली. तो शब्द फक्त बाबीचा होता. घरातली वस्तू परक्याच्या हातात दिसावी तसं झालं. तिने शाळेतला आवाज शोधला. तो मिळाला, पण पार बारीक होऊन.

"पिशवीत काय आहे?"

त्याने आढेवेढे न घेता पिशवी उघडून दाखवली. एक सफरचंद, आणि खाली घडी घातलेला टॉवेल. कडेला मागच्या स्पर्धेचं चिन्ह होतं.

"तिचाच आहे. धुतलेला नाही मी." तो वाकून हळू बोलत होता. "आज ती इकडे येतच नाहीये. रागावलीय माझ्यावर. तुम्ही समजवा ना तिला. तुमचं ऐकते ती."

बाबी या टोकाला आली. सर्व्हिससाठी बॉल मागायला वळली आणि तिला कोपऱ्यात आत्या दिसली. स्कार्फ नाही, नेहमीची जागा नाही, आणि शेजारी तो. बाबीने आलेले बॉल परत टाकले. ती पेटीकडे चालत आली. अगदी जवळ. आत्याला तिच्या गळ्याची शीर उडताना दिसली. बाबीने टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं, तोंड पुसलं, आणि मग वर बघितलं. आधी आत्याकडे. हाच तो चेहरा, जो आत्याला बघायचा नव्हता. लहानपणी तापात ती असाच करायची.

जन्मभरात कोणत्याही मुलाला उत्तर न सांगितलेल्या आत्याने होकारार्थी मान हलवली.

बाबीने रॅकेट उचलून थेट त्या माणसावर रोखली आणि तशीच धरून पंचाला हाक मारली.

जिन्यावरचा माणूस धावत आला, आणखी दोघे आले. करडी टोपी मुकाट्याने उठली. जाताना तो बाजूच्या प्रत्येकाला "माफ करा हं" म्हणत गेला. सफरचंद मात्र त्याने आत्याच्या खुर्चीवर ठेवलं.

बाबी हरली. दुसऱ्या सेटमध्ये जिवाच्या आकांताने लढली, मधूनमधून तोफ धडाडलीही, पण सर्व्हिस शेवटपर्यंत जागेवर आली नाही. पत्रकारांच्या खोलीत तिच्यापुढे माईक मांडले होते. सर मागच्या भिंतीला टेकून आपले बूट निरखत होते. पिवळा स्कार्फ अजून त्यांच्याच हातात होता.

"त्या माणसाबद्दल तुम्हाला कधी कळलं?" एका पत्रकाराने विचारलं.

"आजच. कोर्टवर."

"आणि तुमच्या माणसांना?"

बाबीने पाण्याचा घोट घेतला. "त्यांनाही तेव्हाच," ती म्हणाली, आणि खोलीच्या टोकाला आत्याचे डोळे सापडेपर्यंत बघत राहिली.

हॉटेलात परतल्यावर बाहेर अजून उजेड होता. सुरक्षाप्रमुखने निरोप पाठवला होता: समज देऊन सोडलं, या मैदानात त्याला बंदी; पुढच्या शहराचं तिच्या हातात नव्हतं. बाबी अंघोळ करून आली तर आत्या दाराकडच्या पलंगावर बसली होती. पाय वर घेऊन, भिंतीला उशी लावून, मुक्कामाला आल्यासारखी.

"आत्या, तो माझा आहे. तू घोरतेस."

"मला घोरताना ऐकलंयस कधी?"

बाबीने ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग ती भिंतीकडच्या पलंगावर आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून, आणि केस ओले असतानाच तिला झोप लागली.

सरांची नोकरी राहिली. त्या माणसाचं एक सफरचंद गेलं. सामना बाबीने दिला, पहिला नंबर तिने दिला, सगळ्यांच्या वाटचं खोटंही तिनेच सांगितलं. आत्याकडे द्यायला उरली होती ती स्वतःची झोप. दाराच्या कडीवर नजर ठेवून तिने ती द्यायला सुरुवात केली.