मऊ मानेचं बाळ

नऊ दिवसांच्या बाळाच्या रक्तात जंतू सापडले होते, आणि मोठे डॉक्टर दोन बोटांनी त्याची मान हलवून बघत होते. "मान मऊ आहे. मेंदूपर्यंत काही गेलेलं नाही. पाठीतलं पाणी काढून तपासायची गरज नाही," असं म्हणून ते तसं कागदावर लिहून मोकळे झाले.

सिस्टरला कपाळावर हात मारून घ्यायचा होता, पण हातात ग्लोव्ह्ज होते. "सर, जंतू मेंदूपर्यंत गेले तरी एवढ्याशा जिवाची मान बहुतेक वेळा ताठ होतच नाही. आणि हे बघा, आईने उचललं की किंचाळतं, खाली ठेवलं की गप्प. हलवलं की दुखतंय त्याला."

"शहाणं आहे. लाड नको असतील त्याला."

सिस्टरने पिच्छा सोडला नाही. शेवटी तिचं तोंड बंद व्हावं म्हणून सरांनी परवानगी दिली. पाणी गढूळ निघालं, आणि औषधाचा डोस तातडीने वाढवावा लागला.

दुपारी सर आईला सांगत होते, "मला पहिल्यापासूनच शंका होती."

सिस्टरने सकाळचा कागद पुढे धरला आणि आईला ऐकू जाईल असं वाचलं, "मान मऊ, पाणी काढायची गरज नाही." मग म्हणाली, "सर, खाली तुमची सही तेवढी राहिलीय."