चिरलेली झडप

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी झडप आहे. निदान होते; आता माझे दोन तुकडे आहेत. नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, पण सांगते.

झडप म्हटली की उघडझाप आली. माझ्यात मात्र हलणारं काहीच नव्हतं. पंजाएवढ्या ठोकळ्यात वळणावळणाच्या वाटा कोरलेल्या आणि वर झाकण. पुढे जाणारा द्रव सरळ निघून जाई. उलटा आला, की प्रत्येक वळण त्याला गरकन फिरवून त्याच्याच अंगावर सोडी. माझ्या पोटात हाणामारी चाले आणि त्याचा जोर मोडे.

साबणाच्या कारखान्यात यंत्रावर सुटे भाग कोरणाऱ्या ताईने मला घडवलं. तिचा धाकटा भाऊ कढईवर होता. कढईत कॉस्टिकची, म्हणजे कातडी जाळणाऱ्या सोड्याच्या पाण्याची, बारीक धार सोडणारी आधीची झडप सारखी चिकटून बसे, म्हणून माझी नेमणूक झाली.

"ही अडवत नाही रे, नुसती दमवते," ताई भावाला बजावी. "नळीचा नट खोलण्याआधी कढईकडचा कॉक, ती तोटी, बंद करत जा."

"तुझ्यासारखीच आहे की! भांडून भांडून समोरच्याला दमवणारी."

एकदा माझ्या मागची नळी तुंबली. घाईत त्याने कॉक उघडाच ठेवून नट खोलला आणि नेमकी कढई उसळली. उकळतं कॉस्टिक माझ्यात उलटं घुसलं. मी त्याला आपटलं, फिरवलं, पुन्हा आपटलं. तरी उरलेली चिळकांडी त्याच्या तोंडावर बसली. तो किंचाळत कोसळला. ताईने त्याला फरफटत नळाखाली नेलं. एक डोळा गेला, एक वाचला.

"ह्या बाईच्या पोरखेळाने पोराचा डोळा गेला!" म्हणत मुकादमाने माझ्यावर घणाचे घाव घातले. माझं झाकण आतल्या भिंतींपासून सुटलं आणि वळणं टाळून सरळ जायला फट पडली. पोलाद जाड, म्हणून बाहेरून मात्र साधा पोचाही दिसेना.

भाऊ कामावर परतला. नवी झडप तयार नव्हती आणि कढई थांबलेली.

"तीच लावा," मुकादम म्हणाला. "हलत नाही काही, तर मोडणार काय?"

ताईने मला नळाला उलटं धरलं. पाणी सुळकन निघून गेलं. भांडण नाही, धडपड नाही.

"माझ्या भावाला एकच डोळा उरलाय, मुकादम."

तिने मला करवतीच्या चकतीखाली घातलं. ठिणग्या उडाल्या. माझ्याच वाटा मला पहिल्यांदा उजेडात दिसल्या.

मित्रांनो, मार खाल्लेली वस्तू धड दिसते म्हणून लगेच कामाला जुंपू नका. आधी तपासून पाहा. त्या दिवशी 'मी आतून मोडलेय' असं मला ओरडून सांगायचं होतं, पण मला तोंड कुठे होतं?