चौदावा प्रश्न

माझ्या जिभेला हाड नाही, हे जगदीश लग्नापासून सांगतोय. नवऱ्याचं ऐकायचं कुठं असतं! पण त्या शनिवारी ऐकलं असतं, तर मरियम आज माझ्याशी धड बोलत असती.

मी इथे परदेशात, आमच्या मनुरेवा उपनगराच्या लायब्ररीत दर शनिवारी जेपी म्हणून बसते. जेपी म्हणजे सरकारने नेमलेली बिनपगारी साक्षीदार. लोक कागद आणतात, 'यातलं सगळं खरं आहे' असं माझ्यासमोर सांगून सही करतात, मग मी सही-शिक्का मारते. आत काय लिहिलंय याच्याशी मला देणंघेणं नसतं. फक्त समोरच्याला इंग्रजी वाचता येत नसेल, तर त्याला सगळं समजलंय ना याची खात्री करायची.

मरियम आमच्या कोपऱ्यावरची डेअरी चालवते. नाव डेअरी, पण दूध, पाव, गोळ्या-बिस्किटं, सगळं मिळतं. मूळची अफगाण. तिचे वडील, सखीदादभाई, दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे आले. माझ्याच वयाचे, चौसष्टचे, पण दिसतात ऐंशीचे. दुकानाबाहेर स्टुलावर बसलेले असतात. बरीच वर्षं क्वेट्यात काढल्यामुळे त्यांना उर्दू येतं, आणि माझं पुणेरी हिंदी ते बिचारे सहन करतात. एकदा सांगत होते, एकोणिसाव्या वर्षी बंदूक घेऊन डोंगरात गेले. परक्यांच्या रणगाड्यांनी काबूलमध्ये आणून बसवलेल्या सरकारविरुद्ध. "आठ साल, बहनजी. दो भाई वहीं छोड़ आया." मग मी काय गप्प बसणार? मीही माझे आजोबा बाहेर काढले. त्रेचाळीसला साताऱ्याकडे प्रतिसरकारात होते, इंग्रजांच्या खजिन्याची गाडी अडवली, पुढे ताम्रपट मिळाला. तो आता इथे आमच्या हॉलमध्ये आहे. दर दिवाळीला मी चिंच लावून घासते.

त्या शनिवारी बापलेक माझ्या टेबलाशी आले. सखीदादभाईंचा इथे कायम राहण्याचा अर्ज होता. तिकडे त्यांचं आता कोणी उरलेलं नाही. अर्ज फेटाळला गेला तर एकट्याने परत जायचं.

मी एकेक प्रश्न हिंदीत करून वाचू लागले. चौदावा आला. सरकारविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या एखाद्या गटात तुम्ही किंवा तुमच्या घरचं कोणी कधी होतं का? मरियमने पुढे टाइप केलं होतं, 'नो'.

मी थांबले. मरियम माझ्याकडे बघत होती. अहो, नुसत्या डोळ्यांनी हात जोडता येतात हे मला तेव्हा कळलं. एक ओळ गाळायची आणि पंधराव्यावर जायचं, बस्स. कोणाचं काय जाणार होतं? पण तीस वर्षं शाळेत गणिताचे पेपर तपासलेली बाई मी. ओळ गाळणं माझ्या रक्तात नाही. वाचली, पुढच्या 'नो'सकट.

सखीदादभाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ये 'नो' किसने लिखा?"

"बाबा, प्लीज," मरियम म्हणाली. मलाही कळावं म्हणून असेल, उर्दूतच बोलली. "वो लोग आपको वापस भेज देंगे. चालीस साल पुरानी बात है."

"'नो' लिखूँ, तो मेरे भाई किसलिए मरे?" असं म्हणून ते माझ्याकडे वळले. "बहनजी, आपने अपने फॉर्म में दादाजी का क्या लिखा था?"

पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात, जेवणाच्या टेबलावर बसून मी इथे येण्यासाठी अस्साच फॉर्म भरला होता. समोरच्या भिंतीवर ताम्रपट. आणि मी चहा पितापिता 'नो'वर टिक केली होती. खोटं लिहितेय असं वाटलंच नाही हो मला! आमच्या घरात त्याला हत्यारबंद गट कोण म्हणणार? आमचे ते स्वातंत्र्यसैनिक. गट म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी.

"नो," मी म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते हसले, पण त्यात टोमणा नव्हता. पेन घेऊन त्यांनी 'नो' खोडलं आणि मला विचारून विचारून शेजारी 'येस'ची तीन अक्षरं काढली. खाडाखोड असली की बाजूला दोघांची छोटी सही लागते. आधी त्यांनी केली, मग मी. मरियम उठून बाहेर निघून गेली.

याला पाच महिने झाले. अर्ज पुढच्या चौकशीत अडकलाय. कधी वाटतं मी बरोबर केलं, कधी वाटतं दुसऱ्याच्या जिवावर खरेपणाची हौस भागवून घेतली. जगदीश म्हणतो, "नियमानेच वागलीस ना?" नियम मला माहीत आहेत रे बाबा! मला झोप लागत नाही त्याचं काय?

सखीदादभाई मला बघून अजूनही छातीवर हात ठेवतात. मरियम दूध काउंटरवर ठेवते आणि मान वर करत नाही.

काल मात्र तिने बाटलीवरचा हात काढला नाही.

"आंटी," ती म्हणाली, "बाबा का 'नो' तो आपने कटवा दिया. आपका अभी भी वहीं है ना?"

जिभेला हाड नसलेली मी, दूध न घेताच घरी आले.